नाभिकाचा नकार

महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपूरला महामार्गालगत उभे राहिले, तर गेल्या काही वर्षांत एक नवा रंग नजरेत भरू लागला आहे. तो कापडाचा नाही, भिंतीचाही नाही. तो तरुणांच्या डोक्याचा आहे. पूर्वी शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून गावी येणारा चाकरमानी नव्या धाटणीची विजार, क्वचित केसांचा नवा भांग घेऊन येत असे आणि पुढच्या सणापर्यंत ती चाल आसपासच्या वाड्यांमध्ये रुजत असे. आता चाकरमान्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. कोरियातील गायक, युरोपातील फुटबॉलपटू आणि मुंबईतील नट मोबाइलच्या पडद्यावर ज्या दिवशी केस बदलतात, त्याच दिवशी ते रायगडच्या डोंगराआडच्या वाडीतही दिसतात. त्यांतील सर्वांत धीट रंग म्हणजे ज्याला केशरचनेच्या धंद्यात 'प्लॅटिनम ब्लाँड' म्हणतात तो. सोनेरी म्हणावा तर त्यात पिवळेपणा नाही आणि पांढरा म्हणावा तर त्यात वार्धक्य नाही. रुपे आणि राख यांच्या मधली ती छटा आहे.

हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते १९३१ साली. फ्रँक काप्रा यांच्या एका अमेरिकन चित्रपटाचे आधी ठरलेले नाव बदलून नायिकांपैकी एक असलेल्या जीन हार्लो हिच्या केसांवरून ते 'प्लॅटिनम ब्लाँड' असे ठेवण्यात आले. ज्या रसायनाच्या बळावर हा रंग साधतो, ते हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र त्याहून खूप जुने आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी ते १८१८ मध्ये शोधले आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात केस उजळण्यासाठी त्याचा उपयोग लोकांसमोर मांडला गेला. म्हणजे आज पोलादपूरच्या तरुणाने जे केले आहे, ते दीडशे वर्षांचे जुने आहे.

आपल्याकडची त्यावरील प्रतिक्रिया ठरलेली असते. पोरगा वाया गेला, बापाच्या पैशांची राख डोक्यावर घेऊन फिरतो, असे वडीलधारे म्हणतात. आमच्या महाविद्यालयातही असे डोके वर्गात दिसले की शिक्षकांच्या खोलीत त्यावर अर्धा तास सहज जातो. या चर्चेत एक गोष्ट माझ्या नेहमी ध्यानात येते. चर्चा करणाऱ्या पन्नाशीच्या आसपासच्या प्राध्यापकांपैकी बहुतेकांचे केस कोळशासारखे काळे असतात आणि ते निसर्गाने तसे ठेवलेले नसतात. पांढऱ्याचे काळे करणारा गृहस्थ सभ्य आणि काळ्याचे पांढरे करणारा उनाड, हा भेद समाजशास्त्राला समजावून देता येईल. रसायनशास्त्राला तो समजत नाही. केस टिकाऊ काळे करणाऱ्या बहुतेक कलपांतही तेच पेरॉक्साइड असते. कलपात ते रंग केसात बसवते, ब्लीचमध्ये असलेला रंग काढते, एवढाच फरक.

परंतु या लेखाचा विषय तरुणांची चाल नाही. तो विषय खुर्चीत बसणाऱ्याचा झाला. मला लिहायचे आहे ते खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाविषयी. सोनेरी डोक्याची निंदा करणारे आणि त्याचे कौतुक करणारे अशा दोन्ही पक्षांना त्याचे अस्तित्व जवळजवळ दिसत नाही.

काळा केस रुपेरी होतो म्हणजे काय होते, ते आधी थोडक्यात पाहू. केसाचा काळेपणा त्याच्या गाभ्यातील मेलॅनिन या रंगद्रव्यात असतो. ते द्रव्य फोडण्यासाठी पर्सल्फेट क्षारांची पांढरी किंवा निळसर भुकटी पेरॉक्साइडच्या मलमात कालवली जाते. धंद्यात भुकटीला ब्लीच आणि मलमाला डेव्हलपर म्हणतात. डोक्याचे बारीक भाग पाडून, एकेक बट अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून हे मिश्रण लावावे लागते. केस एकदम पांढरा होत नाही. तो आधी तांबूस होतो, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका. त्या फिक्या पिवळ्यावर जांभळट छटेचा टोनर लावला म्हणजे पिवळेपणा मारला जातो. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना आपल्या घरी नीळ देत असत, त्यामागचे तत्त्व हेच.

कौशल्य कशात आहे, तर थांबायचे कधी हे ओळखण्यात. आपल्याकडचा केस मुळात गडद, त्यामुळे पुष्कळदा एका बैठकीत हे काम होत नाही. मध्ये काही आठवडे जाऊ देऊन दुसरी, कधी तिसरी बैठक करावी लागते. जे रसायन रंग फोडते तेच केसातील केराटिनचे बंधही सैल करते. घाई केली तर ओला केस शेवईसारखा ताणला जातो आणि हातात येतो. टाळूजवळच्या केसांवर शरीराच्या उष्णतेमुळे क्रिया लवकर होते, म्हणून मुळांना मिश्रण शेवटी लावायचे. आधी मेंदी किंवा धातूच्या क्षारांचा कलप लावलेला असेल तर ब्लीच त्यावर कसे वागेल याचा नेम नाही. क्षारांच्या संयोगाने केस तापून जळाल्याचेही प्रकार होतात. या सर्व गोष्टी कोणत्याही पाटीवर लिहिलेल्या नसतात. त्या कारागिराच्या बोटांत आणि नजरेत असतात.

आता याचा हिशेब मांडू. आमच्या विषयात केस कापणे हे फार जुने आणि आवडते उदाहरण आहे. १९६४ मध्ये बलासा आणि सॅम्युएलसन यांनी स्वतंत्रपणे असे दाखवले की, ज्या सेवा देशाबाहेर विकता येत नाहीत त्यांच्या किमती गरीब देशांत कमी आणि श्रीमंत देशांत जास्त असतात. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत अशा सेवेचे नमुना उदाहरण म्हणून न्हाव्याची कात्री हजर असते. महाडमधील कापणी न्यूयॉर्कला विकता येत नाही, म्हणून ती स्वस्त. विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. प्लॅटिनम रंगाने मात्र या उदाहरणात एक गुंतागुंत आणली आहे. कात्रीची मजुरी महाडची आहे, पण भुकटी, मलम, टोनर आणि नंतरचा जांभळा शाम्पू यांच्या किमती बहुराष्ट्रीय कंपन्या ठरवतात. साध्या कापणीतील जवळजवळ सगळा रुपया गावात राहतो, रंगकामातला बराचसा गावाबाहेर जातो.

समजा, एका दुकानात साध्या कापणीला शंभर रुपये पडतात आणि ती अर्ध्या तासात होते. तासाला दोनशे रुपये आले. भाडे, वीज, पाती वजा जाता हातात दीडशे उरले असे धरू. त्याच दुकानात प्लॅटिनमचे बिल चार हजार आहे. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण त्यातून मालाचे सोळाशे आणि वीज, पाणी, भाड्याचा वाटा यांचे चारशे वजा करा. उरले दोन हजार. हे काम दोन बैठकांत मिळून सहा तासांचे, आणि त्यात मालक व मदतनीस अशा दोन जोड्या हात गुंतलेले, म्हणजे बारा तासांचे श्रम. ताशी पडले एकशे सहासष्ट. आकडे गृहीत आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून पाहावेत. माझा अनुभव असा की उत्तर फारसे बदलत नाही. बिल चाळीस पटींचे दिसते, पण हाताला मिळते ते कापणीइतकेच, किंवा त्याहून किंचित अधिक. शिवाय धोका त्याचा एकट्याचा. टाळू भाजली, केस तुटले, रंग नारिंगी निघाला, तर बिल बुडते आणि गावात नाव जाते ते निराळेच.

मग तो हे काम करतोच कशाला? त्याला कारणे आहेत. श्रावणात धंदा बसतो, सोमवारी आणि अमावास्येला खुर्च्या रिकाम्या राहतात. रंगाला येणारा तरुण वार पाहत नाही. दुसरे असे की रंगलेले डोके ही चालती जाहिरात असते. आणि तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या व्यवसायाला पिढ्यान्पिढ्या हलके काम म्हणून हिणवले गेले, त्यात हे पहिलेच काम असे आहे की जे करताना गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणकार म्हणून पाहते. तो विचारतो आणि गिऱ्हाईक उत्तरे देते. पूर्वी कधी रंग लावला होता का, मेंदी लावता का, त्वचेला काही होते का. वस्तरा धरणाऱ्याला हे प्रश्न विचारण्याचा अधिकार फार काळ नव्हता.

गिऱ्हाईकाचा हिशेबही सुटसुटीत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, आणि वाढतो तो काळाच. म्हणजे ही खरेदी एकदाची नव्हे. पाच-सहा आठवड्यांत मुळांशी काळी रेघ दिसू लागते आणि पुन्हा खुर्ची गाठावी लागते. इतका जलद घसारा असलेली वस्तू मध्यमवर्गीय माणूस सहसा विकत घेत नाही. व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली, ती येथे चपखल बसते असे कोणी म्हणेल. मला ती पूर्णपणे पटत नाही. हे केस मिरवणारा औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार असतो किंवा पाठ्यपुस्तके जुन्या बाजारात घेणारा विद्यार्थी असतो. त्याला श्रीमंती दाखवायची नसते. आपले डोके आपले आहे एवढेच त्याला दाखवायचे असते, आणि त्यासाठी तो दोन महिन्यांची बचत मोडतो. शहाणपणाचे आहे असे मी म्हणणार नाही. पण लग्नात मांडवावर होणाऱ्या कर्जापेक्षा वेडगळही नाही.

केसांच्या अर्थव्यवहाराचा आणखी एक पदर येथे सांगण्याजोगा आहे. न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघायचे, अशी आपली म्हण आहे. काही मोलाचे हाती लागणार नाही हा तिचा अर्थ. अर्थशास्त्राने ही म्हण केव्हाच खोटी पाडली. विंचरताना निघालेल्या गुंतवळीवर भांडी किंवा फुगे देणारे फेरीवाले आपण पाहिले आहेत. तिरुपतीला वाहिलेल्या केसांच्या लिलावातून देवस्थानाला वर्षाला शंभर कोटींहून अधिक रुपये मिळतात. हे केस परदेशी जातात, तेथे त्यांचा काळा रंग काढला जातो आणि त्यांचे सोनेरी टोप व जोडकेस होऊन ते विकले जातात. कच्चे केस कवडीमोलाने बाहेर जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि २०२५ च्या जानेवारीत किलोला ६५ डॉलरपेक्षा कमी भावाच्या निर्यातीवर बंदीच आणली. म्हणजे केस काळा असेतोवर आपला, आणि तो रुपेरी करण्याची मजुरी दुसऱ्याची. खुर्चीतल्या हिशेबात जे दिसले, तेच जागतिक हिशेबात मोठ्या अक्षरांत दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. व्यवसायाची प्रतिष्ठा कशी मोजावी? उत्पन्नावरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते त्याहून खरी कसोटी अशी की, त्या माणसाला 'नाही' म्हणता येते का आणि कोणत्या कारणासाठी म्हणता येते. डॉक्टर म्हणतो, हे औषध तुम्हाला चालणार नाही; वकील म्हणतो, हा दावा टिकणार नाही. या नकाराबद्दल आपण त्यांना पैसे देतो. नाभिकाच्या नकाराचा इतिहास मात्र फार वेगळा आहे, आणि तो सांगायला महाडइतकी योग्य जागा नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातील बालपणाची एक हकिकत नोंदवली आहे. गावात न्हावी होते आणि घरी मजुरी द्यायला पैसे होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला कोणी हात लावत नसे. भावंडांचे केस त्यांची थोरली बहीणच कापत असे आणि कापता कापताच ती त्यात तरबेज झाली होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या हकिकतीवर थोडे थांबावे. येथे मागणी आहे, पुरवठा आहे, पैसा आहे, आणि तरीही व्यवहार नाही. बाजार सर्वांना समान लेखतो असे आम्ही वर्गात सांगतो. त्या मुलाच्या वाट्याला बाजार आलाच नव्हता. न्हाव्यालाही तो आला नव्हता. गावगाड्यात त्याची मजुरी पिकाच्या वाट्यावर ठरलेली, गिऱ्हाईक जन्माने ठरलेले, आणि नकार कोणाला द्यायचा हेही दुसऱ्यांनीच ठरवलेले. त्या नकारात त्याची सत्ता नव्हती. तो गावाचा नकार होता, जो त्याच्या हातून वाजवला जाई.

महाडच्या तळ्याची कथाही याच घडणीची आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरी पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. त्यावरचा न्यायालयीन वाद १९३७ पर्यंत चालला. तळ्याच्या पाण्याला दर नव्हता, तेव्हा ऐपतीचा प्रश्नच नव्हता.

घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये आजच्या पंधराव्या कलमाच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना 'दुकान' या शब्दाची व्याप्ती किती, अशी शंका निघाली. आंबेडकरांनी दिलेले उत्तर असे होते की, हा शब्द फक्त आत शिरू देण्यापुरता नाही. आपली सेवा देऊ करणारा जो कोणी, त्याच्या अटी मान्य असतील तर त्याची सेवा मिळणे हे त्यात येते. अटी मान्य असतील तर, या शब्दांत फार मोठी क्रांती दडलेली आहे. अट दराची असू शकते, वेळेची असू शकते. जन्माची असू शकत नाही. १९५५ च्या कायद्याने अशा कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. सलूनच्या भिंतीवरचे दरपत्रक आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ते कोणती जागा भरून काढते हे आपण विसरतो. ज्या तालुक्यात पाण्याच्या ओंजळीसाठी मोर्चा काढावा लागला, त्याच तालुक्यात आज खुर्चीत कोणी बसावे हे भिंतीवरचा आकडा ठरवतो. सगळीकडे आणि सर्व काळ तसेच घडते असा दावा मी करणार नाही. पण आकड्याला जात विचारता येत नाही, हे त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे.

नाभिकाच्या नकाराचा दुसराही एक इतिहास आहे आणि तो अभिमानास्पद आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार तेथे झाला. ज्या कामाने पोट भरते तेच काम अन्यायाचे आहे म्हणून नाकारणारे लोक आपल्या सामाजिक इतिहासात फार थोडे आहेत. सुधारकांचे निबंध आपण अभ्यासक्रमात लावले. ज्यांनी वस्तरा खाली ठेवला त्यांची नावेही कोठे फारशी राहिली नाहीत. आंबेनळी घाटाने पोलादपूरहून वर चढले की प्रतापगड लागतो आणि जिवा महालाची आठवण निघते. होता जिवा म्हणून वाचला शिवा, हे प्रत्येक जाहीर भाषणात म्हटले जाते. समाजाचा गौरव भाषणात करणे स्वस्त पडते.

तिसरा नकार आजचा, आणि तो ज्ञानाचा आहे. गेल्या गणपतीच्या आधी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी पोलादपूरच्या एका दुकानात प्लॅटिनम करायला गेला. त्याने दोन महिन्यांपूर्वी घरीच काळा कलप लावला होता. कारागिराने केस ओले केले, एक बट बोटांवर ताणून पाहिली, कानामागच्या चार केसांवर थोडे मिश्रण लावून वीस मिनिटे थांबला आणि म्हणाला, "आत्ता नको. हे केस सोसणार नाहीत. कलपाचा भाग वाढून कापला जाऊ दे, मग ये." विद्यार्थी निघून गेला आणि दुसऱ्या गावातील दुसऱ्या दुकानात त्याने तेच काम करून घेतले. तेथे त्याला कोणी काही विचारले नाही. गणपतीत तो टोपी घालून हिंडत होता. सांगायचे ते हे की, पहिल्या कारागिराचे पाऊण तास गेले आणि त्याला एक रुपयाही मिळाला नाही. त्याच्या ज्ञानाला किंमत होती. पण ती किंमत फक्त त्याने ते ज्ञान बाजूला ठेवून ब्लीच लावले असते तरच वसूल झाली असती. ज्या व्यवस्थेत योग्य सल्ला देणारा उपाशी राहतो आणि न विचारणारा बिल फाडतो, तेथे कालांतराने विचारणारे कमी होतात. याला नीतिमत्तेचा ऱ्हास म्हणण्याचे कारण नाही. ही दररचनेतील चूक आहे.

या चुकीची किंमत केवळ गिऱ्हाईक मोजत नाही. पर्सल्फेटची भुकटी उडते, ती श्वासात जाते, आणि केशकर्तनाच्या धंद्यातील लोकांना तिच्यामुळे दमा जडतो हे वैद्यकशास्त्राने पुरेसे सिद्ध केले आहे. कलपातील द्रव्यांनी हातांना इसब होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायातील रासायनिक संपर्काला बहुधा कर्करोगकारक अशा गटात घातले आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत; तेथील अपघात आणि दुर्लक्ष यांविषयी लिहावे तेवढे थोडे. पण निदान कागदावर तरी तेथील कामगाराला हातमोजे, मुखपट्टी, वैद्यकीय तपासणी आणि तपासणीस येणारा अधिकारी आहे. वसाहतीपासून काही किलोमीटरवर, बाजारातल्या आठ बाय दहाच्या बंद, वातानुकूलित खोलीत तशीच उग्र रसायने सोळा-सतरा वर्षांचा मदतनीस उघड्या हातांनी कालवतो, तेव्हा त्याच्यासाठी कागदही नसतो. दुकानात दोन-तीन माणसे, त्यामुळे दुकानकायद्याचा मोठा भाग लागू नाही, आणि राज्य विमा व भविष्यनिर्वाह निधी यांचा उंबरठा दूरच.

शासनाला हा व्यवसाय दिसत नाही असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत नाभिक आहे; त्याला प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि सवलतीचे कर्ज मिळू शकते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेतील दुकाने पाण्याखाली गेली, तेव्हा आरसे, खुर्च्या आणि माल एका रात्रीत गमावलेल्यांना अशा कर्जाची किंमत कळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सलूनच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाचवर आला, तोही दिलासाच. अर्थात वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानाला त्याचा स्पर्श होत नाही, आणि मालावर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. पण या सगळ्या योजनांच्या डोळ्यांसमोर धोकटी काखेत मारून वाड्यावाड्यांत फिरणारा पारंपरिक कारागीर आहे. पेरॉक्साइडची तीव्रता मोजणारा, केसाचा पूर्वेतिहास विचारणारा, नाही म्हणणारा कारागीर त्यांना अद्याप भेटलेला नाही.

यावर उपाय फार मोठा हवा असे नाही. आपल्याकडे अनेक तालुक्यांत नाभिक संघटना एकत्र बसून दर ठरवतात आणि ते छापील दरपत्रक सर्व दुकानांत लागते. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून अशा एकमताच्या दरांकडे मी एरवी संशयाने पाहतो. स्पर्धा टाळण्याचा तो जुना मार्ग आहे. येथे मात्र त्याचा चांगला उपयोग होऊ शकेल. त्या पत्रकात दाढी, कटिंग, फेशियल, कलप, रंग यांच्याखाली एक ओळ वाढवता येईल: बटेची व त्वचेची चाचणी आणि सल्ला, इतके रुपये, काम केल्यास बिलातून वजा. सर्वच दुकानांनी ती आकारली तर चाचणी करणारा एकटा महाग ठरणार नाही. नकार दिलेल्या दिवशीही त्याच्या गल्ल्यात काही पडेल, आणि हातमोज्यांच्या खोक्याचे पैसे त्यातूनच निघतील.

महाडमधील एका ओळखीच्या दुकानदारांपुढे मी ही कल्पना मांडली. वयाने माझ्याएवढेच, वडिलांच्या हाताखाली वस्तरा शिकलेले आणि मुलाला मुंबईत रंगकामाच्या शिकवणीला पाठवलेले गृहस्थ. ते हसले. "सर, न लावलेल्या रंगाचे पैसे कोण देणार? लोक म्हणतील, ह्याने हातही नाही लावला आणि पन्नास रुपये घेतले."

मी म्हटले, "डॉक्टर घेतात की."

"डॉक्टरांच्या भिंतीवर सर्टिफिकेट असतं," ते म्हणाले. "आमच्या भिंतीवर आरसा."

बाजूच्या खुर्चीत डोक्याला काळा कलप थापून, त्यावर पिशवी गुंडाळून एक निवृत्त कारकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. कलप लावण्यापूर्वी अठ्ठेचाळीस तास आधी त्वचेवर चाचणी घ्यावी असे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते, हे आमच्या बोलण्यात आले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मालकांना विचारले, "काय हो, माझी ती चाचणी कधी झाली होती?"